लंगोट कोरडं होतं तेव्हा

माझ्या मुलीला जुलाब लागून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, हे आता आमच्या मारेगावात बऱ्याच जणींना ठाऊक आहे. कुणाचं लेकरू ओकायला लागलं की त्या मला गाठतात. काय केलं, कुठे नेलं, किती घाबरलात, असं विचारतात. मी सगळं सांगते. घाबरले होते तेही सांगते. एक गोष्ट मात्र गिळून टाकते. त्या दिवसांत मला भीतीपेक्षा हेवाच जास्त वाटत होता. माझी मनवा मांडीवर निपचित पडलेली, आणि मी मनातल्या मनात जावेच्या हसऱ्या, गुटगुटीत पोरावर जळत होते.

आजारपणाबद्दल लिहिणारे हे सहसा लिहीत नाहीत. आई म्हणजे माया, रात्रीचा दिवस, देवाला साकडं, एवढंच वाचायला मिळतं. माझ्याकडे तेही होतं. पण पोटात दुखणंही होतं, आणि ते जुलाबाचं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी एखादी आत्ता दवाखान्यातल्या बाकावर बसून शेजारणीच्या रडणाऱ्या लेकराकडे बघून जळत असेल, तर तिला एवढं तरी कळावं की अशी ती एकटीच नाही.

एका घरात दोन बाळंतिणी

आमच्या घरात सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो, माझे मिस्टर सचिन, धाकटे दीर नितीनभाऊ आणि त्यांची बायको प्रतीक्षा. मी थोरली. माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. प्रतीक्षा लग्न होऊन आली, आणि वर्ष व्हायच्या आत आम्हा दोघींना एकदमच दिवस गेले. लोक म्हणाले, जोडीनं आनंद आला. मी हसले. पण ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं उपासतापास केले, ते हिला आल्या आल्या मिळालं, हे काही माझ्या घशाखाली उतरलं नाही. त्यातून तिला मुलगा झाला, शौर्य, आणि मागून मला मुलगी. आत्याबाईंनी दोघांच्याही वेळी पेढे वाटले, पण मी पेढ्यांचा आकारसुद्धा मनात ताडून पाहिला.

आमच्याकडे अशी समजूत आहे की एका छताखाली दोन बाळंतिणी असू नयेत. एकीची सावली दुसरीच्या लेकराला बाधते म्हणतात. तेव्हा एकीनं माहेरी जायचं हे ठरलेलंच होतं. प्रतीक्षा राजूरची. तिची आई ती लहान असतानाच गेली. वडील कोळशाच्या खाणीत, ड्युटीवर. तिचं बाळंतपण करायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून ती सासरीच राहिली. मी ढाणकीला गेले, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. खरं सांगू? बसमध्ये चढताना मला फार बरं वाटत होतं. निदान या एका बाबतीत तरी तिच्यापेक्षा माझं उजवं होतं. मला माय होती.

आईनं काही कमी केलं नाही. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, सगळं साग्रसंगीत. सव्वा महिना उलटला तरी माझा पाय निघेना. दीड महिन्याच्या डोससाठी सिस्टरांनी बोलावलं, तेव्हा नेमका मला न्यायला येण्याचा दिवस ठरला होता. बाबांनी हात आडवा केला.

"सुई देली का लेकरू तापते. तापलेलं लेकरू सासरी धाडू नाई. म्हनतीन, मायेरच्यायनं धड पाह्यलंही नाई."

आमच्याकडची रीतच तशी. माहेरून बाळ कसं पोचवायचं, तर तीट लावून, नवं झबलं घालून, हसतंखेळतं. मग न्यायला येणं पुढे ढकललं, कारण सचिनला रजा मिळाली नाही. पुन्हा ठरलं, पुन्हा डोसची वेळ जवळ आली, पुन्हा बाबांचा हात आडवा. आई म्हणायची, "सासरी गेल्यावर देतीन. तिथंही सुया भेटतेच नं." आणि मी सासरी आले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आल्या आल्या सुई कायले? लोकं पाहाले येऊन राह्यले. रडकं लेकरू दाखवू काय त्याईले?"

तिकडे आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत प्रतीक्षा शौर्यला वेळच्या वेळी घेऊन जात होती. तो तापायचा, किरकिर करायचा. मी ढाणकीहून फोनवर त्याचं रडणं ऐकायचे आणि आईला म्हणायचे, "पाह्य, माय नाही नं तिले सांगाले. पोराले टोचून टोचून हैरान करून राह्यले." असं म्हणताना मला जरा गारगार वाटायचं.

दात येऊन राह्यले

थंडीचे दिवस होते. आधी शौर्यनं ओकलं. एक दिवस पातळ शी झाली, दुसऱ्या दिवशी जरा कमी, आणि तिसऱ्या दिवशी हा गडी स्वयंपाकघरात पोटावर सरकत जाऊन पळी वाजवत होता. आत्याबाईंनी निकाल दिला, "दात येऊन राह्यले." आमच्याकडे वर्षाच्या आतल्या लेकराला काहीही झालं तरी दातच येत असतात.

मग मनवाचा नंबर लागला. तिनं दूध ओकलं, पाणी ओकलं, आणि मग खालून नुसतं पाणी जायला लागलं. आत्याबाईंनी जायफळ उगाळून चाटवलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी मीठसाखरेच्या पाण्याची पुडी दिली आणि बजावलं, लघवी बंद झाली किंवा लेकरू मलूल झालं तर थांबू नका, वणीला लेकरांच्या दवाखान्यात जा. मी ते पाणी वाटीनं पाजलं. तिनं वाटीभर ओकून दिलं. चमच्या-चमच्यानं, थांबून थांबून द्यायचं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते. कारण माझे डोळे सारखे त्या पळी वाजवणाऱ्या पोराकडे जात होते. त्यानंच आणलं हे दुखणं, आणि स्वतः मोकळा झाला. एकाच घरातला तोच आजार, त्याला शिवून गेला आणि माझ्या पोरीला धरून बसला.

दुपारी प्रतीक्षा म्हणाली, "ताई, जरा शौर्यले धरता काय, भात उतरवतो." मनवा बाजूला दुपट्यावर पडलेली होती. मी त्याला मांडीवर घेतलं आणि तो माझ्या मांडीवर भळाभळा मुतला. माझी साडी भिजली, खालची चटई भिजली. आणि मी तशीच बसून राहिले. मनवाचं लंगोट सकाळपासून कोरडं होतं. मी दहादा हात लावून पाहिला होता. या पोराकडे इतकं पाणी आहे की सांडतंय, आणि माझ्या लेकीकडे थेंब नाही. त्या क्षणी मला दुसऱ्याच्या पोराच्या लघवीचा हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला हे खरं आहे.

"काहून मुतते हा एवढा!" मी ओरडले.

प्रतीक्षा धावत आली. तिनं शौर्यला उचललं, पण तिची नजर मनवाकडे गेली. तिनं खाली वाकून लंगोटाला हात लावला. मग बोट मनवाच्या तोंडात घालून पाहिलं. जीभ लाकडासारखी कोरडी होती. टाळू खोल गेली होती. मनवा रडत होती, पण आवाजही नव्हता आणि डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"ताई, हे दात-गित नाई," ती म्हणाली. "उठा. वणीले चाला."

आपल्या लेकराला काय झालंय हे दुसरीनं आधी सांगावं, आणि तेही हिनं. मी चिडून काहीतरी बोलणार होते. पण तोवर नितीनभाऊंनी गाडी काढली होती आणि ती मनवाला गुंडाळत होती.

वणीत

लेकरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मनवाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, चुणी तशीच उभी राहिली. बाकी त्यांनी काय काय तपासलं ते मला आठवत नाही, ती चुणी आठवते. सिस्टरांनी शीचा नमुना नेला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. मी, सचिन आणि मागून बसनं पोचलेल्या आत्याबाई.

"रोटा आहे," ते म्हणाले. "विषाणू आहे. याला मारायचं औषध नाही. अंगातलं जेवढं पाणी गेलं तेवढं आत घालायचं, आणि जात राहील तेवढं घालत राहायचं. लवकर आणलं असतं तर सोपं झालं असतं, पण अजून वेळ गेलेली नाही. रोटाचे डोस झालेत ना?"



"मायेरी झाले असतीन," आत्याबाई म्हणाल्या.

सचिननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सासरी होनार होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कुठेच नाही."

"पन घरातल्या दुसऱ्या लेकराले पन झालतं," मी म्हटलं. आवाज मलाच भांडखोर वाटला. "त्याचे सगळे डोस झालते. तरी झालं त्याले."

"होतं. डोस घेतलेल्यालाही कधी कधी होतं. तो ॲडमिट झाला?"

"नाही."

"आत्ता काय करतोय?"

आत्याबाईच म्हणाल्या, "खेळून राह्यला."

"डोस याच्यासाठीच असतात," डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मला त्यांचा राग करता आला असता. आता रागाला जागा एकच उरली, मी स्वतः. मायमाऊली नसलेल्या, कुणी सांगणारं नसलेल्या माझ्या जावेनं आपल्या पोराला रडवून घेतलं होतं, आणि मला माय असून, बाप असून, सासू असून माझी पोर सगळ्यांनी मिळून जपली होती. इतकी जपली की तिला साधा ताप येऊ दिला नाही.

सचिननं बाहेर जाऊन ढाणकीला फोन लावला. त्यांचा आवाज आत येत होता. "बाबा, तुमी काहून नाही केलं?" मग आत्याबाई फोनवर. मग माझी आई रडत. दोन्ही घरं एकमेकांवर ढकलत राहिली. मी त्यात पडले नाही, कारण मनवाच्या हातात शीर सापडत नव्हती.

सलाईनचे दिवस

हाताला शीर मिळेना, पायाला मिळेना. शेवटी दुसऱ्या हाताला मिळाली. हात पुठ्ठ्यावर ठेवून चिकटपट्टीनं बांधला. एवढासा हात, त्याला केवढा पुठ्ठा. सुई टोचताना ती ओरडली नाही, आणि तेच मला सहन झालं नाही.

शेजारच्या खाटेवर एक बाई नातवाला घेऊन होत्या. तो पोरगा जराही न थांबता रडायचा. त्या हैराण होऊन म्हणायच्या, "काय गळा हाये का भोंगा?" मला त्यांच्या भोंग्याचा हेवा वाटायचा. त्याच्या गालावरून टपटप पाणी ओघळायचं. माझ्या पोरीच्या डोळ्यांत एक टिपूस येईना. एकदा त्या बाईंनी मला विचारलं, "तुमची कशी गुमसुम? लय गुनाची दिसते." मी तोंड फिरवलं.

दवाखान्याचा दिवस म्हणजे सकाळी डॉक्टर, मग झिंकचं औषध, मग चमचा. मीठसाखरेचं पाणी एक चमचा द्यायचं, थांबायचं, पुन्हा एक चमचा. ओकलं तर जरा थांबून पुन्हा तेच. सिस्टरांनी मला हे शिकवलं आणि मग मी तेच करत राहिले. प्रत्येक लंगोट त्यांना दाखवायचं. दाखवण्यासारखं असायचं ते सगळं मागचं. पुढचं, म्हणजे लघवीचं, जेमतेम एखादा डाग.

"अंगावरचं दूध बंद करू नका," डॉक्टर म्हणाले होते. "तेही औषधच आहे."

आणि नेमकं तेव्हाच मला उलट्या सुरू झाल्या. लेकराचं करता करता आईलाही हे होतं म्हणे. मोठ्या माणसाला फारसं काही होत नाही, पण मला उठून बसवेना. जेवण जाईना. दोन-अडीच दिवसांत दूध आटल्यासारखं झालं. मनवा चार वेळा ओढायची, काही येत नाही म्हटल्यावर सोडून द्यायची. तिच्यात दमून रडण्याचंही बळ नव्हतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आत्याबाईंनी कुणाला न विचारता नितीनभाऊंना फोन केला. "प्रतीक्षाले आन."

"नको," मी म्हटलं.

"काहून नको? तिच्याजवळ उतू जाऊन राह्यलं."

"नको म्हनलं नं, आत्याबाई. माही पोरगी हाये."

"मंग तुह्यीच हाये. कोनाची म्हनलं मी?"

त्यांनी माझं ऐकलं नाही. आजही मी त्याबद्दल त्यांना काही बोललेले नाही.

प्रतीक्षा आली. शौर्यला शेजारच्या काकूंकडे पेजेवर ठेवून आली होती. मनवाला मी पाजू का, असं तिनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गरोदरपणातल्या तिच्या तपासण्यांचं विचारलं, मग म्हणाले, चालेल, घरातलीच आहे, पण सलाईन आणि चमचा दोन्ही चालूच ठेवायचं, दुधावर सगळा भार टाकायचा नाही. ती हात धुऊन माझ्या खाटेच्या कडेला बसली.

मी मनवाला दिली नाही.

मी तिला छातीशी धरून बसले होते, आणि प्रतीक्षा पदर सावरून तशीच बसून होती. ती मागेना. मी देईना. शेजारच्या बाई आपला भोंगा विसरून आमच्याकडे पाहू लागल्या. शेवटी आत्याबाई पुढे आल्या आणि त्यांनी पुठ्ठा सांभाळत मनवाला माझ्या हातांतून काढून घेतलं. काढून घेतलं, असंच म्हणायला हवं. माझी बोटं त्यांनी सोडवली.

मनवानं तोंड लावलं. आधी हळू, मग भूक आठवल्यासारखं. घशातून घुटक्यांचा आवाज यायला लागला. मोकळा हात वर गेला आणि तिनं प्रतीक्षाच्या गळ्यातली पोत मुठीत धरली. माझी पोत धरायची तश्शीच. मी भिंतीकडे तोंड केलं. माझं लेकरू दूध पितंय, जगायला बघतंय, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली. मला वाटलं, उठावं आणि हिसकून घ्यावं. मग वाटलं, मी कसली आई आहे? मग पुन्हा वाटलं, हिसकावंच. हे सगळं एका भिंतीकडे बघत.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागून प्रतीक्षा एकदम ओरडली, "ताई! ताई, पाहा!"

मी वळले. तिचं मांडीवरचं लुगडं भिजलं होतं. मनवानं भरपूर लघवी केली होती. सिस्टर आल्या, लंगोट उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आत्याबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घ्या बाई, गंगा आली." सगळे हसत होते. मीही रडत रडत हसत होते, आणि त्या हसण्यात एक काटा होताच. इतके दिवस मी चमचे घातले, मी जागले, आणि पोरीनं केली ती हिच्या मांडीवर.

प्रतीक्षा भिजलेल्या लुगड्यानं तशीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमी ढाणकीले गेल्त्या तवा मले लय वाईट वाटायचं. आत्याबाई माह्यं करायच्या, पन फोनवर मागून तुमची माय तुमाले विचारे नं, पोरी जेवली काय, ते आईकून मी आत जाऊन बसाची."

खरं सांगायचं तर मला तिची दया आली नाही. मला एवढंच वाटलं की चला, हिच्याही पोटात दुखत होतं.

आता जे सांगते ते

मनवा सुधारली. डोळे वर आले, रडताना गालावर पाणी ओघळलं, आणि पहिल्यांदा मी रडणाऱ्या लेकराचे मुके घेतले. प्रतीक्षा सुट्टी होईपर्यंत दवाखान्यातच राहिली. माझं दूध हळूहळू परत आलं, पण सगळं नाही.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, राहिलेले डोस द्याच. एकदा रोटा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही, आणि पहिला डोस वर्षाच्या आत व्हायला हवा. लसीकरणाच्या पुढच्या सत्राला मी मनवाला अंगणवाडीत घेऊन गेले. तोंडात डोस, मांडीत सुई. ती तापली. मी तिला तापलेली, लालबुंद, रडकी घेऊन घरी आले, आणि वाटेत जे जे भेटले त्या सगळ्यांना दाखवली. बाबांना व्हिडिओ कॉल करूनही दाखवली. ते म्हणाले, "तापू दे, बाई. तापू दे."

म्हणून ज्या मला विचारतात त्यांना मी हे सांगते. लेकरू माहेरी असो की सासरी, जिथे असेल तिथे डोस द्या. न्यायला येणारे थांबतील, पाहायला येणारेही थांबतील. ओकायला लागलं तर दातांची वाट पाहू नका, लंगोटाला हात लावून पाहा. पाणी वाटीनं नाही, चमच्यानं द्या. आणि जावेचं पोर ठणठणीत असेल आणि तुम्हाला ते बघवत नसेल, तर बघू नका, पण तिनं 'दवाखान्यात चला' म्हटलं तर उठा.

घरी

शेवटचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी दुपारी मागच्या खोलीत गेले. प्रतीक्षा पाठमोरी बसली होती. शौर्य तिच्या मांडीवर होता आणि पाठ ताणून, मान वळवून, हातांनी तिला ढकलत होता. ती त्याला जवळ घेऊ पाहत होती, तो किंचाळत होता. मग तो सुटला, सरकत दारापर्यंत आला आणि पेजेची वाटी मागायला लागला. प्रतीक्षाचं ब्लाउज ओलं झालं होतं. चेहरा तापानं लाल दिसत होता. दूध साचून छाती दगडासारखी झाली असावी, कारण पदर लागला तरी ती आखडत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, ताई."

"प्रतीक्षा."

तिनं पदर ओढून घेतला. "सोडलं त्यानं. आल्यापासून धरूनच नाई राह्यला. काकूंजवळ पेज प्याची सवय झाली." मग ती हसायला गेली. "मोठा झाला म्हनाचं."

"दवाखान्यातच 'जातो घरी' काहून नाही म्हनलं? परत गेली असती."

"मनवा पिऊन राह्यली होती नं," ती म्हणाली.

मी दारातच उभी राहिले. माझ्या कडेवर मनवा होती. तिला प्रतीक्षाचा आवाज ओळखू आला आणि ती तिकडे झेपावली. दोन्ही हात पसरून, माझ्या कडेवरून अर्धी बाहेर. माझ्या पोटात तसंच दुखलं. दवाखान्यात दुखलं होतं तितकंच, काकणभरही कमी नाही. मी तिला घट्ट धरलं. माझ्याकडे आता थोडं दूध होतं. तिला भूक लागली असती तर मी पाजू शकले असते.

शौर्य दाराशी वाटी आपटत होता. प्रतीक्षा मनवाकडे बघत नव्हती. ती मुद्दाम जमिनीकडे बघत होती.

या वेळी आत्याबाई घरात नव्हत्या. माझी बोटं सोडवायला कुणी नव्हतं.

मी आत गेले, तिच्यासमोर बसले आणि मनवाला तिच्या मांडीवर ठेवलं.